धडधड एक, गोळ्या अनेक

बाजारच्या दिवशी आमच्या दवाखान्यात उभे राहायला जागा नसते. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून माणसे वडूजला येतात आणि बाजारहाट करता करता औषधपाणीही उरकून घेतात. अशाच एका दिवशी साठीच्या घरातले एक शेतकरी धापा टाकत आत आले. जुना दमा. ओठ निळसर पडलेले. वाफ दिली, इंजेक्शन दिले आणि जरा बोलता येऊ लागल्यावर विचारले, ''नवीन काय घेतले होते का?'' त्यांनी खिशातून गोळ्यांचे अर्धे पाकीट काढले.

''दोन दिस छातीत लई धडधडत हुतं, डॉक्टर. शेजारच्या बापूंना बी धडधडतंय. त्यांना या गोळीनं गुण आलाय, म्हणून दोन घेतल्या.''

बापूंची गोळी प्रोप्रॅनोलॉलची होती. बापूंना ती योग्यच होती. पण दम्याच्या माणसाच्या श्वासनलिका हीच गोळी आवळून टाकते. बरे, यांना धडधड होत होती ती कशाने? दम्याची साल्ब्युटामॉलची गोळी एकाऐवजी दोन दोन घेतल्याने. म्हणजे एका गोळीने धडधड वाढवली आणि दुसरीने श्वास कोंडला. माणूस संध्याकाळी चालत घरी गेला, हे नशीब.

वाचकहो, या एका प्रसंगात आजचा सगळा विषय आला. धडधड हा रोग नव्हे. ताप जसा लक्षण, तशी धडधड हे लक्षण. रक्त कमी असले, थायरॉइड वाढले, मिश्री-तंबाखू जास्त झाली, चहा अति झाला, मनाला घोर लागला, तरी छाती धडधडते. अशा वेळी कारण दूर केले की पुरते, हृदयाच्या गोळीची गरज नसते. पण कधी कधी हृदयाचा ताल खरोखरच बिघडलेला असतो. त्यासाठी जी औषधे आहेत ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ती निरनिराळ्या गटांतली आहेत आणि हृदयातल्या निरनिराळ्या जागी काम करतात. कोणती घ्यायची हे तुम्ही ठरवावे म्हणून मी हे लिहीत नाही. तुमच्या पिशवीत जी गोळी आहे ती कशासाठी आहे, हे तुम्हाला ठाऊक असलेच पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे. ते मत कसे झाले, हे शेवटी सांगतो. त्यात माझीही चूक आहे.

हृदयातला पाट

हृदयाला चार कप्पे. वरचे दोन म्हणजे कर्णिका आणि खालचे दोन म्हणजे जवनिका. उजव्या कर्णिकेत वरच्या बाजूला पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तिथून मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विजेचा सूक्ष्म संदेश सुटतो. तो दोन्ही कर्णिकांतून पसरतो, मधल्या एका गाठीत क्षणभर थबकतो आणि मग जवनिकांत उतरतो. संदेश पोचला की स्नायू आवळतो आणि रक्त पुढे ढकलले जाते. मनगटावर बोटाला लागते ती नाडी म्हणजे त्या ढकलण्याची लाट.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. विहिरीवरून पाणी सुटते, पाटाने येते, मधल्या दाराशी अडते आणि दार उघडेल तसे वाफ्यात जाते. दारे धरणाऱ्याला ठाऊक असते की कुठले दार कधी उघडायचे. हृदयाच्या प्रत्येक पेशीलाही अशीच अतिसूक्ष्म दारे आहेत. सोडियमचे दार उघडले की संदेश झटक्यात पुढे धावतो. पोटॅशियमचे दार उघडले की पेशी शांत होऊन पुढच्या ठोक्याला तयार होते. कॅल्शियमच्या दारावर मधल्या गाठीचे काम चालते. शिवाय भीती, श्रम, ताप यांच्या वेळी शरीरात ॲड्रिनॅलिन वाढते आणि ते सगळ्यांनाच घाई करायला लावते.

ताल बिघडतो तो तीन-चार प्रकारांनी. भलतीच जागा संदेश सोडू लागते. संदेश एका वर्तुळात अडकून तिथेच फिरत राहतो. मधल्या वाटेत तो अडून बसतो. किंवा कर्णिकांत इतके संदेश उसळतात की त्या आवळण्याऐवजी नुसत्या थरथरतात. या शेवटच्या प्रकाराला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. त्यात नाडीला कसलाच हिशेब उरत नाही.

दारानुसार चार गट

इंग्लंडमधील ऑक्सफर्डचे औषधशास्त्रज्ञ माइल्स व्हॉन विल्यम्स यांनी १९७० साली या औषधांची गटवारी मांडली. त्यांच्या हाताखाली काम करणारे ब्रामा सिंग हे फिजीत जन्मलेले, भारतीय वंशाचे डॉक्टर. तिसऱ्या आणि चौथ्या गटाची ओळख पटवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. आम्ही मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना हे चार गट पाठ केले होते, आणि नवी भर पडूनही तीच गटवारी आजही कामाला येते.

पहिला गट सोडियमचे दार अडवणाऱ्यांचा. संदेशाची धाव त्यामुळे मंदावते. या गटाचा पूर्वज आपल्या ओळखीचा आहे, तो म्हणजे हिवतापावरचे क्विनीन. १९१२ साली डच हृदयतज्ज्ञ वेंकेबाख यांच्याकडे एक व्यापारी आला. पूर्वेकडच्या बेटांत राहून हिवतापासाठी क्विनीन घ्यायची त्याला सवय होती. ''माझी बिघडलेली नाडी मी क्विनीन घेऊन ताळ्यावर आणतो,'' असे तो म्हणाला. डॉक्टरांचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी तो खरोखरच नियमित नाडी घेऊन हजर झाला. पुढे १९१८ साली फ्राय यांनी त्याच सिंकोनाच्या सालीतले क्विनिडीन अधिक गुणकारी असल्याचे दाखवले. दात काढताना हिरडी बधिर करायला देतात ते लिग्नोकेनही याच गटातले. अतिदक्षता विभागात जवनिकांच्या जीवघेण्या घोड्यावर ते शिरेतून देतात. फ्लेकेनाइड आणि प्रोपाफेनोन या त्यातल्या अलीकडच्या गोळ्या.

दुसरा गट ॲड्रिनॅलिनचा लगाम ओढणाऱ्यांचा. प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल ही त्यातली नावे. प्रोप्रॅनोलॉल शोधणारे सर जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या गोळ्या ठोके सावकाश करतात, रक्तदाब उतरवतात आणि हृदयविकाराच्या झटक्यानंतर जीव वाचवतात. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. दमा असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगावा. आणि ही गोळी एकदम बंद करू नये. इतके दिवस आवरून धरलेले हृदय लगाम सुटताच उधळते आणि प्रसंगी झटकाही येतो. गावाला जाताना गोळ्या घरी विसरल्या, चार दिवसांनी बघू, हे या गोळीच्या बाबतीत चालत नाही.

तिसरा गट पोटॅशियमचे दार अडवणाऱ्यांचा. पेशीचा विसावा लांबतो आणि वर्तुळात फिरणारा संदेश त्यामुळे तुटतो. सोटॅलॉल यातलेच. पण यातले सर्वांत जोरदार औषध म्हणजे अमिओडारोन. छातीतल्या कळांवर उपाय म्हणून बेल्जियममध्ये १९६१ साली ते तयार झाले. तालावरचा त्याचा गुण नंतर कळला. गुण मोठा तसे त्याचे उपद्रवही मोठे. त्याच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असते आणि माणसाची रोजची गरज ०.१५ मिलिग्रॅमची. म्हणून थायरॉइड एकतर वाढतो नाहीतर मंदावतो. यकृत आणि फुप्फुस यांवरही परिणाम होऊ शकतो. उन्हात कातडी भाजते आणि काहींची निळसर राखाडी पडते. आमच्या माणदेशी उन्हात दिवसभर रानात राबणाऱ्याला हे सांगायलाच हवे. हे औषध अंगातून निघून जायला आठवडे, कधी महिने लागतात. तेव्हा ते चालू असताना सुरुवातीला आणि नंतर दर सहा महिन्यांनी थायरॉइड व यकृताची रक्ततपासणी करायची, आणि नवा खोकला किंवा दम लागू लागला तर लगेच दाखवायचे.

चौथा गट कॅल्शियमचे दार अडवणाऱ्यांचा. व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम. मधल्या गाठीत ही औषधे संदेश थोपवून धरतात, त्यामुळे वर कितीही गोंधळ असला तरी खाली कमी ठोके उतरतात. इथे एक घोटाळा नेहमी होतो. रक्तदाबाची अम्लोडिपिन हीदेखील कॅल्शियमवर काम करणारी गोळी. पण तिचे काम रक्तवाहिन्यांवर, तालावर नव्हे. नात्यातली म्हणून एकीच्या जागी दुसरी चालत नाही. आणखी एक धोका आहे. दुसऱ्या गटाची गोळी चालू असताना कोणी नकळत व्हेरापामिल सुरू केले, तर दोन्हींचा जोर एकाच दारावर पडून नाडी ३०-३५ वर येऊ शकते, माणूस चक्कर येऊन कोसळतो. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या एकमेकींना न दाखवल्याने हे घडते.

गटात न बसणारी दोन

डिजॉक्सिन या चारांत बसत नाही. इंग्रज डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली डिजिटॅलिस नावाच्या फुलझाडाच्या पानांवर पुस्तक लिहिले, तिथून या औषधाची कुळकथा सुरू होते. आपल्या कुंपणावरच्या कण्हेरीत आणि पिवळ्या बिट्टीत याच जातीचे विष असते. म्हणूनच ती झाडे जनावरांनाही घातक. झाडपाल्याचे औषध निरुपद्रवी असते असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. डिजॉक्सिन ठोके कमी करते आणि थकलेल्या हृदयाला थोडा जोर देते. पण त्याचा गुण आणि त्याचे विष यांत अंतर फार थोडे. भूक मेली, मळमळ सुरू झाली, दिसायला पिवळेपणा आला, नाडी फार संथ झाली तर त्या दिवशीच डॉक्टरांना गाठावे. लघवी जास्त व्हायच्या गोळीने पोटॅशियम कमी झाले की हे विष लवकर चढते. म्हातारपणी मूत्रपिंड मंदावले की तेव्हाही. आणि सोबत अमिओडारोन सुरू केले तर डिजॉक्सिनची मात्रा निम्म्याच्या आसपास आणावी लागते.

दुसरे अडेनोसिन. हे इंजेक्शन शिरेतून झटकन द्यायचे असते. मधली गाठ काही सेकंद बंद पडते, वर्तुळात अडकलेला संदेश तुटतो आणि १८०-२०० च्या वेगाने उधळलेली नाडी डोळ्यांदेखत ताळ्यावर येते. त्या काही सेकंदांत रुग्णाला वाटते की आपण चाललो. हे इस्पितळातच, ईसीजी समोर ठेवूनच करायचे काम. अशी धडधड पुन्हा पुन्हा येत असेल, तर आता मोठ्या शहरांत मांडीतल्या शिरेतून तार नेऊन ती वाट जाळून टाकतात. पुष्कळांचा गोळ्यांचा फेरा त्याने कायमचा सुटतो.

ठोका सुधारला, माणसाचे काय?

या औषधांच्या इतिहासात एक धडा असा आहे की तो प्रत्येक डॉक्टरने आणि रुग्णाने मनावर कोरून ठेवावा. हृदयविकाराच्या झटक्यानंतर काहींचे अधूनमधून ठोके चुकतात. असे चुकार ठोके दिसणारे रुग्ण पुढे दगावण्याचा संभव अधिक असतो. तेव्हा ठोके दाबले की मृत्यूही टळतील, असे सगळ्यांना वाटे. अमेरिकेत त्याची परीक्षा झाली. पहिल्या गटातली एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे काहींना दिली, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. १९८९ साली या दोन औषधांची परीक्षा अर्ध्यावरच थांबवावी लागली. १९९१ साली आकडे प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले होते आणि नुसती गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. औषधाने ईसीजी सुधारला होता, पण माणसे जास्त मेली होती.

तेव्हापासून डॉक्टरांनी विचारायचा प्रश्न बदलला. ताल सुधारतो का, एवढ्यावर न थांबता माणूस जगतो का, चालतो-फिरतो का, हे विचारले जाऊ लागले. कर्णिकांच्या थरथरीत दोन मार्ग असतात. एक, ताल पुन्हा नियमित करणे. दोन, ताल बिघडलेलाच राहू देऊन ठोक्यांचा वेग तेवढा आवरणे. २००२ साली अमेरिका-कॅनडातल्या ४०६० रुग्णांच्या अभ्यासात दिसले की पहिल्या मार्गाने आयुष्य काही वाढत नाही. २०२० साली युरोपातल्या दुसऱ्या अभ्यासाने सांगितले की रोग कळल्यापासून वर्षाच्या आत ताल सुधारायला घेतला तर फायदा होतो.

पण हे रुग्ण आपले नव्हेत. तिकडे हा आजार सत्तरीतल्या माणसांचा. आपल्याकडच्या २४ केंद्रांतल्या १५३७ रुग्णांची २०११-१२ साली नोंद झाली, तेव्हा त्यांचे सरासरी वय ५५ च्या आत भरले आणि जवळपास निम्म्यांच्या मुळाशी लहानपणचा र्‍हुमॅटिक ताप होता. घसा दुखतो, सांधे सुजतात, ताप येऊन जातो आणि घरचे विसरतात. तो ताप हृदयाच्या झडपेला चाटून जातो आणि वीस वर्षांनी झडप अरुंद होऊन कर्णिका फुगतात, थरथरतात. अशा रुग्णांवर मुंबईतल्या डॉ. अमित व्होरा, डॉ. यश लोखंडवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास करून तो २००४ साली प्रसिद्ध केला. एकूण १४४ रुग्ण, ४८ जणांचे तीन गट. एकाला अमिओडारोन, दुसऱ्याला औषध नसलेली गोळी, या दोघांना गरजेप्रमाणे विजेचा धक्का, आणि तिसऱ्याला वेग आवरणारे डिल्टियाझेम. ज्यांचा ताल वर्षभर नियमित टिकला, त्यांची चालण्याची ताकद आणि एकंदर जगणे सुधारले. परदेशी अभ्यासाचे उत्तर आपल्या तिशी-चाळिशीतल्या रुग्णाला जसेच्या तसे लावता येत नाही, हे आपल्याच मातीतल्या या कामाने दाखवले.

जिचा गुण जाणवत नाही ती गोळी

आता माझ्या चुकीची गोष्ट. आमच्या भागातली पुष्कळ माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. सोने-चांदी गाळायच्या भट्ट्या तिकडे आणि म्हातारी माणसे, बायका इकडे. अशाच एका गलाईवाल्याची चाळिशीतली बायको माझ्याकडे दर महिन्याला येई. झडप अरुंद, ती फुग्याने रुंद करून आणलेली, कर्णिकांची थरथर मात्र कायम. मोठ्या डॉक्टरांनी चार गोळ्या लिहून दिल्या होत्या. ठोके आवरायला डिजॉक्सिन आणि मेटोप्रोलॉल, अंगातले पाणी उतरायला एक आणि रक्त पातळ राहायला वॉर्फरिन. दर महिन्याला मी नाडी बघे, रक्तदाब बघे आणि तीच चिठ्ठी पुन्हा लिहून देई. तब्येत उत्तम होती. धडधड थांबली होती, धुणेपाणी, रानातले काम सगळे चालू होते.

एकदा तिने विचारले, ''डॉक्टर, ह्यातली कुठली कमी केली तर चालंल? यंदा तिकडं धंदा मंदा हाय.'' बाहेर पंधरावीस माणसे बसली होती. मी म्हणालो, ''सगळ्या चालू ठेवा, ताई,'' आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

घरी तिने आपल्या बुद्धीने हिशेब मांडला. एक गोळी चुकली की धडधडते, म्हणजे ती हवी. एक नाही घेतली की पाय सुजतात, म्हणजे तीही हवी. वॉर्फरिन नाही घेतली तर काहीच होत नाही, आणि तिच्यापायी दर महिन्याला रक्ततपासणी, एसटीचे भाडे आणि एक दिवसाचा रोज बुडतो. तिने तीच बंद केली. मला सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. तीन महिन्यांनी एका पहाटे उजव्या अंगावरून वारे गेले आणि वाचा बसली. आता ती काठी धरून चालते. बोलायला चार शब्द फुटतात. माझ्याकडे येते तेव्हा हसते. ते हसणे मला सहन होत नाही.

तिचा हिशेब चुकीचा होता, पण वेडगळ नव्हता. तिला जे जाणवत होते त्यावरून तिने तो मांडला होता. जे जाणवत नाही ते सांगणे हे माझे काम होते. थरथरणाऱ्या कर्णिकेत रक्त साचते, साचलेल्याची गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत जाऊन बसते. ठोके आवरणाऱ्या गोळ्या गुठळी अडवत नाहीत. वॉर्फरिन ठोके आवरत नाही. दोघींची कामे वेगळी. हे सांगायला मला दोन मिनिटे लागली असती.

वॉर्फरिनची कुळकथाही शेतकऱ्यांच्या घरचीच आहे. अमेरिकेत बुरशी आलेला चारा खाऊन गाई रक्तस्रावाने मरत. १९३३ साली एक शेतकरी मेलेली गाय आणि तिचे न गोठणारे रक्त घेऊन विद्यापीठात गेला, त्या शोधातून हे औषध निघाले. आधी उंदीर मारायला वापरले आणि १९५४ पासून माणसांसाठी. म्हणूनच त्याला मोजून-मापून द्यावे लागते. आयएनआर नावाची रक्ततपासणी बहुतेकांत २ ते ३ च्या दरम्यान राहिली पाहिजे. कमी झाली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. मेथी-पालक खायला बंदी नाही, पण एका आठवड्यात रोज आणि पुढच्यात अजिबात नाही, असे करू नये. अंगदुखीच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत. दिवस राहिले किंवा राहण्याचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. अमिओडारोन सुरू झाले की वॉर्फरिनचा जोर वाढतो, तेव्हा तपासणी लवकर करावी.

''तपासणी लागत नाही अशी नवीन गोळी आली आहे म्हणे,'' असे पुष्कळजण विचारतात. आली आहे, आणि झडप चांगली असलेल्यांना ती उपयोगी आहे. पण र्‍हुमॅटिक तापाने झडप बिघडलेल्या साडेचार हजार रुग्णांवर आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत झालेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात वॉर्फरिनसारख्या जुन्या गोळ्या घेणारे कमी दगावले आणि नव्या रिव्हारॉक्सॅबानवर असणारे जास्त. महाग आणि नवीन म्हणजे आपल्यासाठी चांगलेच, असे नसते.

माझे म्हणणे

आम्ही डॉक्टर चिठ्ठी लिहितो ती औषधाच्या दुकानदाराला कळावी म्हणून. माझे म्हणणे असे की चिठ्ठी ज्याच्यासाठी आहे त्यालाही ती कळली पाहिजे. प्रत्येक औषधासमोर त्याचे काम मराठीत, दोन-चार शब्दांत लिहावे. 'ठोके कमी करण्यासाठी.' 'गुठळी होऊ नये म्हणून, गुण जाणवणार नाही, बंद करू नये.' 'एकदम थांबवू नये.' माझे काही मित्र म्हणतात, एवढा वेळ कुणाला आहे? मी त्यांना सांगतो की त्या ताईंच्या वेळी माझ्याकडेही वेळ नव्हता. गेली काही वर्षे मी तसे लिहितो. एका रुग्णामागे मिनिट-दीड मिनिट जास्त जाते, आणि बाहेरची माणसे कुरकुर करतात. करू देत.

दुकानदार मंडळींनाही विनंती. लिहिलेली गोळी नसेल तर 'याच्यासारखीच' म्हणून दुसऱ्या औषधाची देऊ नका. कंपनी वेगळी असणे निराळे आणि औषध वेगळे असणे निराळे. डिजॉक्सिन, वॉर्फरिन आणि अमिओडारोन यांच्या बाबतीत तर कंपनी बदलली तरी डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि वाचकहो, तुमच्याकडे पाच गोष्टी.

एक, दुसऱ्याची धडधडीची गोळी घेऊ नका आणि आपली दुसऱ्याला देऊ नका.

दोन, कुठल्याही डॉक्टरकडे, अगदी दाताच्या, सर्दी-खोकल्याच्या डॉक्टरकडे जातानाही सगळ्या गोळ्यांची पिशवी बरोबर न्या. काही साधी प्रतिजैविकेही तिसऱ्या गटाच्या औषधांशी जुळत नाहीत.

तीन, नाडी बघायला शिका. पाच मिनिटे शांत बसा, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. ५० च्या खाली, १२० च्या वर किंवा कसलाच ताल नसलेली नाडी लागली तर दाखवा. धडधड चालू असताना काढलेला ईसीजी थांबल्यावर काढलेल्या दहांपेक्षा मोलाचा, तेव्हा जमल्यास त्याच वेळी या.

चार, धडधडीबरोबर शुद्ध हरपली, छातीत दुखले, धाप लागली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर लिंबू-पाणी करत बसू नका. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि आपल्याकडून मोठ्या इस्पितळात पोचण्यातच त्यातला बराच वेळ जातो.

पाच, मुलाचा घसा दुखून सांधे सुजले तर त्याला दाखवा. र्‍हुमॅटिक ताप ठरला तर पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, सांगितले तितकी वर्षे चुकवू नका. वर लिहिलेल्या साऱ्या गोळ्यांपेक्षा ते स्वस्त आहे.

पैशांची अडचण असेल तर ती लपवू नका. ''कुठली कमी केली तर चालेल?'' हा प्रश्न विचारायला लाज वाटायचे कारण नाही. मात्र उत्तर ऐकल्याशिवाय खुर्ची सोडू नका. डॉक्टर घाईत असले तर पुन्हा विचारा, ''साहेब, ही गोळी कशाची?'' सांगेपर्यंत बसून राहा. आमच्यासारख्यांना ती सवय तुम्हीच लावू शकता.